कार्ड कात्रीने कापले म्हणून खाते बंद होत नाही

आमच्या कापड बाजारात माणसाची साख दुकानाच्या पाटीवरून ठरत नाही. सूतवाल्याचे पैसे ठरल्या दिवशी पोहोचतात की नाही, यावरून ती ठरते. साठ दिवसांच्या वायद्यावर माल उचलला आणि साठाव्या दिवशी पेमेंट दिले, तर पुढच्या वेळी दलाल स्वतः दुकानात येऊन माल दाखवतो. एकदा वायदा चुकला, की ती बातमी सगळ्या बाजारात पोहोचायला संध्याकाळसुद्धा लागत नाही. या साखेचे रजिस्टर कुठेही नसते. ती लोकांच्या तोंडी असते.

बँकेकडची साख निराळी. ती लिहिलेली असते आणि लिहिणारा आपल्याला ओळखत नाही. मी तीस वर्षे बाजारात वायदा पाळला, याची एक ओळही तिथे नाही. पण एका क्रेडिट कार्डाच्या ५९० रुपयांची नोंद तिथे होती. त्या ५९० रुपयांनी मला जो धडा शिकवला, तो व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेख लिहीत आहे.

माझी चूक

२०१६ च्या नोटबंदीनंतर रोखीची तंगी होती. त्या दिवसांत एका बँकेचा माणूस दुकानात आला आणि कार्ड देऊन गेला. पहिली काही वर्षे फी नाही, असे त्याने सांगितले. दोन वर्षे मी कार्ड थोडेफार वापरले आणि प्रत्येक बिल वेळेवर भरले. पुढे मनात आले, की ही सुदाची भानगड घरात कशाला ठेवा? कात्री घेतली, कार्डाचे चार तुकडे केले आणि मोकळा झालो, असे समजलो.

मी मोकळा झालो नव्हतो. प्लास्टिक कापले होते, खाते चालूच होते. फीची सवलत संपली तेव्हा ५०० रुपये वार्षिक फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९० रुपये, असे ५९० रुपये लागले. मी मोबाईल नंबर बदलला होता. बिल जुन्या पत्त्यावर जात होते. मग उशिराचा दंड लागला, त्यावर सूद चढला, पुढच्या वर्षीची फी आली. सुदापासून वाचण्यासाठी ज्या कार्डाचे तुकडे केले, त्याच कार्डावर सूद वाढत राहिला आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

२०२३ मध्ये लग्नसराईच्या आधी दुकानासाठी कॅश क्रेडिटचा अर्ज केला. मॅनेजर साहेबांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, “शेठ, तुमचे खाते चांगले आहे, उलाढाल चांगली आहे, पण इथे तुम्ही थकबाकीदार दिसता.” रक्कम सहा हजार आठशेच्या घरात गेली होती. मी ती दुसऱ्याच दिवशी भरली. परंतु बाकी नसल्याचे पत्र मिळणे, नोंद सुधारणे, पुन्हा अर्ज करणे, यात हंगाम निघून गेला. रोखीने घेतला असता तर ज्या मालावर सूट मिळाली असती, तोच माल उधारीच्या चढ्या भावाने उचलावा लागला. तोटा त्या ५९० रुपयांच्या कितीतरी पट झाला.

ही नोंद ठेवतो कोण?

आपण सरसकट “सिबिल” म्हणतो. ही कंपनी २००० साली स्थापन झाली आणि आज तिचे नाव ट्रान्सयुनियन सिबिल आहे. पण ती एकटी नाही. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या आणखी तीन कंपन्या हेच काम करतात. २००५ च्या कायद्याखाली या चारही कंपन्या चालतात आणि त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. बँका, फायनान्स कंपन्या आणि कार्ड देणाऱ्या संस्था आपल्या प्रत्येक कर्जाची आणि कार्डाची माहिती त्यांना पाठवतात. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जात असे. १ जानेवारी २०२५ पासून ती पंधरवड्याला जाऊ लागली.

या माहितीवरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा निघतो. साधारणपणे ७५० च्या वरचा आकडा बँका चांगला मानतात. आकडा काढताना मुख्यतः पाच गोष्टी पाहिल्या जातात : हप्ते आणि बिले वेळेवर भरली का, मिळालेल्या मर्यादेपैकी किती उधारी वापरली, खाती किती जुनी आहेत, कर्जे कोणत्या प्रकारची आहेत आणि अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले.

इथे छोट्या व्यापाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दुकान एकट्याच्या मालकीचे असेल, तर बँकेच्या दृष्टीने दुकान आणि मालक एकच. दुकानाच्या कर्जासाठी मालकाची वैयक्तिक नोंद तपासली जाते. सूतवाल्याची उधारी, रंगाऱ्याचे बिल, भिशी यांची नोंद या कंपन्यांकडे जात नाही. म्हणून आपल्यापैकी अनेकांच्या नावावर एखादे कार्ड एवढीच काय ती नोंद असते. तेच कार्ड आपण नीट न बंद करता टाकून दिले, तर आपल्या बाजूने बोलणारा एकमेव साक्षीदार आपल्या विरुद्ध बोलू लागतो.

कार्ड बंद केले की काय होते?

पहिला गैरसमज असा, की कार्ड बंद केले की त्याचा इतिहास पुसला जातो. तसे होत नाही. बंद केलेले खाते अहवालात “बंद” अशा शेऱ्यासह दिसत राहते. नियमानुसार या कंपन्यांना माहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी लागते. वेळेवर भरलेल्या महिन्यांचा फायदा लगेच जात नाही, तसे उशिरा भरलेल्या महिन्यांचे डागही बंद केल्याने जात नाहीत. सिबिलच्या अहवालात ३६ महिन्यांपर्यंतचे चौकोन दिसतात. वेळेवर भरले असेल तर तिथे तीन शून्ये किंवा “एसटीडी” असे लिहिलेले असते. उशीर झाला असेल तर तितक्या दिवसांचा आकडा असतो. थकलेले कार्ड बंद करून नोंद साफ होईल, या भरवशावर कोणी राहू नये.

दुसरी गोष्ट मर्यादेची. ती हिशेबानेच समजेल. समजा, एका दुकानदाराकडे तीन कार्डे आहेत. सर्वात जुन्या कार्डाची मर्यादा १,००,००० रुपये, दुसऱ्याची ६०,००० आणि तिसऱ्याची ४०,०००. एकूण मर्यादा २,००,००० झाली. दर महिन्याला त्याची सगळ्या कार्डांवर मिळून ५०,००० रुपयांची खरेदी होते. म्हणजे मर्यादेच्या २५ टक्के वापर. हे ठीक आहे, कारण वापर साधारण ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असे जाणकार सांगतात. आता त्याने जुने कार्ड बंद केले. मर्यादा उरली १,००,०००. खर्च तोच ५०,०००. वापर एकदम ५० टक्के झाला. एका रुपयाचीही जास्त उधारी केली नाही, एक दिवसही उशीर केला नाही, तरी कागदावर हा माणूस उधारीत रुतलेला दिसू लागला आणि त्याचा आकडा घसरला.

हा घसरा कायमचा नसतो. वापर कमी झाला की आकडा पुन्हा सावरतो. याच दुकानदाराने बिल निघण्याच्या तारखेआधीच ३०,००० रुपये भरून टाकले, तर बिलात २०,००० च दिसतील आणि वापर २० टक्क्यांवर येईल. परंतु नेमक्या त्याच महिन्यात घराच्या किंवा मशीनच्या कर्जाचा अर्ज बँकेत असेल, तर पुढच्या महिन्यात सावरणारा आकडा आज कामाला येत नाही.

तिसरी गोष्ट वयाची. जुनी पेढी आणि नवी पेढी यांत सूतवाला जसा फरक करतो, तसाच फरक इथेही होतो. जुने कार्ड चालू असले की दर महिन्याला वेळेवर भरल्याची एक नवी नोंद पडते. बंद केले की नोंदी तिथेच थांबतात. बंद खाते कालांतराने अहवालातून निघून गेले, की आपला इतिहास आखूड दिसतो. ज्याच्याकडे एकच कार्ड आहे आणि दुसरे कर्ज कोणतेच नाही, त्याच्यावर याचा परिणाम सर्वात जास्त होतो.

सेटलमेंटचा गोड शब्द

बिल फार थकले, की वसुलीचा फोन येतो. “भाई, साठ हजार बाकी आहे, पंचवीस हजार भरा आणि विषय संपवा.” आपल्याला वाटते, पस्तीस हजार वाचले. परंतु अशा वेळी अहवालात “बंद” असे न लिहिता “सेटल्ड” असे लिहिले जाते. उद्या दुसरी बँक हा शब्द वाचते, तेव्हा तिला त्याचा अर्थ एवढाच कळतो, की या माणसाने ठरलेले पूर्ण पैसे दिले नाहीत. आपल्या बाजारात एखाद्या पार्टीने रुपयाला चाळीस पैसे देऊन हिशेब मिटवला, तर तिला पुढे कोण उधार माल देतो?

ज्याची खरोखर ऐपत नाही, त्याला सेटलमेंट करावीच लागते. त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु ऐपत असेल तर पूर्ण रक्कम भरावी. पूर्वी सेटलमेंट केली असेल, तर उरलेली रक्कम भरून बाकी नसल्याचे पत्र घ्यावे आणि बँकेला नोंद “बंद” अशी करायला लावावी.

सुदाचा प्रश्न

आपल्या वाचकांपैकी अनेकांना कार्डच नको असते आणि त्याचे कारण सूद हे आहे. त्यांची भीती चुकीची नाही. बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर व्याज लागते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. बिलावर जी “किमान रक्कम” छापलेली असते, तेवढीच भरणारा माणूस या व्याजाच्या विहिरीत उतरतो. खरेदीचे पूर्ण बिल मुदतीच्या आत भरणाऱ्याला व्याज लागत नाही. कार्डावर रोख रक्कम काढली, तर मात्र पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते.

कार्ड ठेवावे की ठेवू नये, हा ज्याच्या त्याच्या दिलाचा मामला आहे. ज्याला फतवा हवा त्याने आलिमांना विचारावे. मी कापड विकणारा माणूस आहे. मी एवढेच सांगेन, की ज्याला कार्ड सोडायचे आहे त्याने ते पूर्ण सोडावे. अर्धवट सोडलेले कार्डच सूद आणते. आणि कार्ड नाही म्हणून सगळे दरवाजे बंद झाले, असेही नाही. ज्याने आधी कधी कर्ज घेतले नाही, त्याचा अर्ज केवळ जुनी नोंद नाही या कारणावरून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२५ च्या निर्देशांत म्हटले आहे. कोरी पाटी चालते. डागाळलेली पाटी अडते.

कोणते कार्ड बंद करावे?

ज्या कार्डाची फी भरमसाट आहे आणि उपयोग काही नाही, ते बंद करावे. कार्ड हातात आले की खर्च आवरत नाही, असा ज्याचा स्वभाव आहे, त्यानेही बंद करावे. आकडा दहा-वीसने घसरला तरी चालेल, घर कर्जात बुडता कामा नये. अनेक कार्डे असतील तर सर्वात नवे आणि सर्वात कमी मर्यादेचे कार्ड आधी बंद करावे. सर्वात जुने, बिनफीचे कार्ड शेवटपर्यंत ठेवावे. जुन्या कार्डावर फी लागत असेल, तर त्याच बँकेकडे बिनफीचे कार्ड बदलून मागून पाहावे.

वेळही पाहावी. येत्या सहा महिन्यांत घर, मशीन किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्जाचा अर्ज करायचा असेल, तर कार्ड बंद करण्याची घाई करू नये. अर्ज मंजूर होऊन पैसे हातात आल्यावर बंद करावे. तसेच सगळी कार्डे एकाच दिवशी बंद करू नयेत.

ठेवलेले कार्ड मात्र पेटीत पडू देऊ नये. एक वर्षाहून जास्त काळ कार्ड वापरले नाही, तर बँक तसे कळवते, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही व बाकी काही नसेल, तर खाते बंद करते. हा नियम रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत आला. पत्ता आणि मोबाईल नंबर जुना असेल, तर ही सूचना आपल्यापर्यंत पोहोचणारच नाही. म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा वीजबिल किंवा पेट्रोल अशा छोट्या खर्चासाठी कार्ड वापरावे आणि लगेच पूर्ण पैसे भरावेत.

बंद करण्याची रीत

१. आधी कार्डावरचे सगळे ऑटो-पेमेंट दुसरीकडे वळवा. विम्याचा हप्ता, मोबाईल, मुलांचे क्लास, काहीही राहू देऊ नका. कार्डावर ईएमआयने वस्तू घेतली असेल, तर तो हिशेब आधी पुरा करा.

२. पूर्ण बाकी भरा. बिलात न आलेली रक्कम आणि त्या दिवसापर्यंतचे व्याजही विचारून घ्या. जमा झालेले पॉइंट वापरून टाका. कार्डात आपलीच रक्कम जास्त जमा असेल, तर ती बँक खात्यात परत मागा.

३. बंद करण्याचा अर्ज हेल्पलाईन, ई-मेल, बँकेची वेबसाईट किंवा मोबाईल ॲपवरून करता येतो. टपालानेच अर्ज पाठवा, असा आग्रह बँकेला धरता येत नाही. अर्जाचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहून ठेवा.

४. बाकी काही नसेल तर बँकेने कामकाजाच्या सात दिवसांत खाते बंद केले पाहिजे. उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. हाही २०२२ चाच नियम आहे.

५. बाकी नसल्याचे आणि खाते बंद झाल्याचे लेखी पत्र घ्या. दुकानाच्या कागदपत्रांसोबत ते जपून ठेवा. कार्ड कापायचे ते यानंतर.

६. दीड-दोन महिन्यांनी आपला अहवाल मागवा. खात्यासमोर “बंद” आणि बाकी शून्य असे आले की काम पुरे झाले.

चूक दिसली तर

चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. २०१७ पासून हा हक्क आहे. आपला अहवाल आपण पाहिल्याने आकडा कमी होत नाही. आकड्यावर परिणाम होतो तो जागोजागी कर्जाचे अर्ज टाकल्याने.

अहवालात चूक असेल, तर त्या कंपनीकडे किंवा बँकेकडे लेखी तक्रार करा. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १ सप्टेंबर २०२२ पासून या नोंद ठेवणाऱ्या कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. तिथे तक्रारीला फी नाही आणि वकिलाचीही गरज नाही.

शेवटी एवढेच. वहीतले खाते आपण कसे बंद करतो? बाकी मोजतो, पैसे देतो, सही घेतो, मगच पानावर रेघ ओढतो. नुसते पान फाडून कोणाचा हिशेब मिटलेला मी आजवर पाहिला नाही. मी ते पान फाडले होते. त्याची किंमत एका हंगामाने चुकवली. वाचक बंधूंपैकी कोणाच्या कपाटात असे विसरलेले किंवा कापलेले कार्ड असेल, तर हा अंक खाली ठेवताच बँकेला फोन करून खाते चालू आहे की बंद, एवढे विचारून घ्यावे.